मरळमधे किडे निघाले, मासा टाकायचा का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदापूरचे, उजनीचा मासा घरात नेहमी येतो. परवा मरळ साफ करताना कल्ल्याजवळ आणि मांसात पिवळे पिवळे दाणे दिसले, सुरीने दाबलं तर आतून अळी निघाली आणि चक्क हलत होती. सासूबाई म्हणाल्या टाकून दे. आमच्या ह्यांनी आधीच अर्धे तुकडे तळून खाल्ले होते. आता काय करायचं?

उत्तर : काही होत नाही, ह्यांना सांगा निवांत झोपा. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही बहुतेक क्लिनोस्टोमम नावाच्या चपट्या किड्याची अळी आहे. हिचं खरं घर बगळ्याच्या घशात. तिथे मोठा किडा अंडी घालतो, ती पाण्यात पडतात, मग आधी गोगलगाय आणि तिथून मासा, आणि तो मासा परत कुठल्यातरी बगळ्याने गिळला की चक्कर पूर्ण. म्हणजे जिथे उथळ पाणी, गोगलगाई आणि बगळे भरपूर तिथे हे होणारच, मासेवाल्याने शिळा माल दिला असं लगेच समजू नका, अळी हलत होती म्हणजे उलट मासा बहुधा ताजाच होता!

दाणे काढून टाका, फारच भरलेले असतील तर तेवढा भाग कापून टाका आणि बाकीच्याचा रस्सा करा, खळखळून उकळला की अळी मेलीच. माझी काळजी तव्यावरच्या तुकड्याची आहे. गॅस मोठा ठेवला की रवा लगेच लाल होतो आणि काट्याजवळ मांस कच्चंच राहतं, तर आच कमी करा आणि काट्यापासून मांस सुटेपर्यंत थांबा. आणि मीठ-हळद-लिंबू लावून तासभर ठेवलं की किडे मरतात हे डोक्यातून काढा, नाही मरत. जपान-कोरियात कच्चा गोड्या पाण्यातला मासा खाऊन हीच अळी माणसाच्या घशाला चिकटल्याच्या केसेस आहेत.

पोटातले किडे वेगळे. मरळच्या आतड्यात पांढऱ्या फितीसारखे पट्टकृमी सापडतात, शिवड्याच्या हवेच्या पिशवीत तर चांगला मोठा चपटा किडा बसलेला असतो. आतडी आणि पिशवी आपण टाकतोच, विषय संपला. मराठवाड्यात माशांच्या या जंतांवर खूप काम झालंय, पट्टकृमींचा सर्कमऑन्कोबोथ्रियम हा अख्खा वंश संशोधक शिंदे यांनी १९६८ मधे नोंदवलाय.

प्रश्न : मुलगा कंपनीच्या कामाला थायलंडमधे खोन केनला चाललाय. तिथे कच्चा मासा खातात म्हणे, खाल्ला तर चालेल का?

उत्तर : नाही! इथे मी अजिबात सूट देणार नाही. तो ईशान्य थायलंडचा इसान भाग, तिथे कोई प्ला नावाचा पदार्थ असतो, नदीतले कच्चे मासे बारीक चिरून लिंबू-मिरची घालून. त्यातून ऑपिस्थॉर्किस व्हिवेरिनी नावाचा किडा लिव्हरच्या पित्तनलिकेत जाऊन वर्षानुवर्षं राहतो आणि तिथे पुढे कॅन्सर होऊ शकतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने त्याला १९९४ मधेच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकलंय. प्राझिक्वांटेलच्या गोळीने किडा जातो पण परत कच्चं खाल्लं की परत होतो. आणि हा किडा रोहू-कटल्याच्या कुळातल्याच माशांत असतो, तेव्हा दिसायला ओळखीचा वाटला तरी फसू नको म्हणावं. शिजवलेलं, तळलेलं काय हवं ते खा.

प्रश्न : टाकीतल्या गप्पी माशाच्या शेपटीखालून लाल दोरे लोंबतायत.

उत्तर : कॅमॅलॅनस, म्हणजे माशाच्या आतड्यातले लाल जंत. शेळ्यामेंढ्यांना देतात ते जंताचं औषध लेव्हामिसोल यावर चालतं, पण डोस पशुवैद्यकाला विचारून घ्या, टाकीत किती लिटर पाणी आहे ते आधी मोजा. औषध टाकलं की किडे लुळे होऊन तळाशी पडतात, ते दुसऱ्या दिवशी पाइपने ओढून काढा, नाहीतर मासे खातात. दोन-तीन आठवड्यांनी परत एक डोस. आणि या टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत घालू नका.