आई-वडील भारतात, कर जपानमध्ये: कोणाची वजावट घ्यावी, कोणाची सोडावी?

प्रश्न थोडक्यात: जपानमध्ये नोकरी, वार्षिक पगार ९० लाख येन, पत्नी गृहिणी. दरमहा ५०,००० येन भारतात वडिलांच्या खात्यावर जातात. वडील ७१ वर्षांचे, त्यांना पेन्शन आहे. आई ६६ वर्षांची, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. आतापर्यंत वजावट फक्त वडिलांची घेतली. सहकारी सुचवतो, की आईचं आणि सासू-सासऱ्यांचंही (वय ६२ आणि ६७) नाव घाला, पाठवलेले पैसे मागाहून परत घेता येतात. शिवाय मनात शंका अशी, की जे या देशात राहतच नाहीत त्यांच्या नावाने इथला कर कमी करणं रास्त आहे का?

उत्तर: आईची वजावट घ्या. त्यासाठी एक येनही जास्त पाठवावा लागणार नाही, फक्त पैसे कोणाच्या खात्यावर जातात ते बदलावं लागेल. सासू-सासऱ्यांचं नाव, सहकारी सांगतो त्या पद्धतीने, अजिबात घालू नका. वडिलांची वजावट कायद्यात बसते, पण तुमच्या शंकेचं खरं मूळ तिथेच आहे.

आधी हिशोब. तुमच्या पगारातून नोकरदारांची ठरावीक वजावट, सामाजिक विमा, मूळ वजावट आणि पत्नीची वजावट गेली, की करपात्र रक्कम साधारण ४८ लाख येनच्या आसपास राहते. म्हणजे वरचा थर २० टक्क्यांचा, अधिभार धरून २०.४२ टक्के. सत्तरी ओलांडलेल्या, वेगळं राहणाऱ्या वडिलांसाठी आयकरात ४,८०,००० आणि स्थानिक निवासी करात ३,८०,००० येन वजावट मिळते. वाचतात सुमारे ९८,००० अधिक ३८,०००, म्हणजे १,३६,००० येन. आईसाठी हेच आकडे ३,८०,००० आणि ३,३०,०००. वाचतात सुमारे ७७,६०० अधिक ३३,०००, म्हणजे १,१०,६०० येन. हे १,१०,६०० तुम्ही दरवर्षी सोडून देत आहात.

कारण असं: जानेवारी २०२३पासून परदेशात राहणाऱ्या ३० ते ६९ वयाच्या नातेवाइकांची वजावट सहजासहजी मिळत नाही. ती व्यक्ती शिक्षणासाठी जपानबाहेर गेलेली असावी, अपंग असावी, किंवा तिला त्या वर्षात राहणी अथवा शिक्षणाच्या खर्चासाठी तुमच्याकडून किमान ३,८०,००० येन मिळालेले असावेत. वय ३१ डिसेंबरला किती होतं ते धरतात. आणि पैसे *त्या व्यक्तीच्या नावावर* जावे लागतात. वडिलांच्या खात्यावर ‘दोघांसाठी’ म्हणून पाठवलेले ६ लाख कागदोपत्री एकट्या वडिलांचे ठरतात. त्यामुळे मागच्या वर्षांची आईची वजावट आता मागता येणार नाही. एरवी राहून गेलेली वजावट पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन मागता येते, पण तेव्हाच्या पावत्याच तिच्या नावावर नाहीत.

म्हणून पुढे आईच्या स्वतंत्र खात्यावर दरमहा ३३,००० (वर्षाचे ३,९६,०००) आणि वडिलांच्या खात्यावर १७,००० (२,०४,०००) पाठवा. वडील सत्तरीपुढचे असल्याने त्यांना किमान रकमेची अट नाही, पण त्या वर्षात पैसे पाठवल्याचा पुरावा लागतोच. आईचे ३,८०,००० काठोकाठ ठेवू नका. पाठवण्याचं शुल्क वजा होऊन आकडा ३,७८,००० दिसला तर सगळी मेहनत वाया. रुपयांत पाठवत असाल तर येनमधला आकडा त्या-त्या दिवशीच्या दराने निघतो. शेवटचा हप्ता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. सुट्टीत जाताना हातात दिलेली रोख धरली जात नाही. दोघांच्या संयुक्त खात्यावरही पाठवू नका, कोणाला मिळाले हा वाद नको.

कागद दोन प्रकारचे. पहिला नात्याचा: सरकारी यंत्रणेने दिलेला, त्यात नातेवाइकाचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता हवा. तुमच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं असतात, पण त्यांची जन्मतारीख नसते, म्हणून सोबत त्यांची जन्मतारीख आणि पत्ता असलेला सरकारी कागद जोडा. एकाच कागदात सगळं नसेल तर दोन-तीन मिळून चालतात. जपानी भाषांतर लागतं. आपल्याकडे घोळ नावांचा होतो: तुमच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, बँकेत सासरचं, आणखी कुठे नुसती आद्याक्षरं. नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र हा सरकारने दिलेला दाखला नव्हे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र काढून ठेवा. दुसरा कागद पैसे पाठवल्याचा, प्रत्येकाचा वेगळा. आईच्या बाबतीत ३,८०,००० पूर्ण झाल्याचं दिसेल इतक्या सगळ्या पावत्या हव्यात. ऑफिसच्या वर्षअखेरच्या जुळवणीत म्हणजे नेन्माच्योसेईत हे द्या. तिथे राहिलं तर १६ फेब्रुवारी ते १५ मार्चच्या विवरणपत्रात. (फुरुसातो नोझेई, म्हणजे आवडीच्या गावाला देणगी देऊन करात सवलत घेण्याची योजना, वापरत असाल तर नवी वजावट आल्यावर त्याची मर्यादाही खाली येते. तो आकडा पुन्हा काढा.)

आता सासू-सासरे. पत्नीचे आई-वडील कायद्याने बसतात, त्याबद्दल वाद नाही. पण दोघांसाठी मिळून ७,६०,००० येन खरोखर जायला हवेत आणि वाचणार जेमतेम २,१०,०००. त्यांना गरज असेल आणि तुम्ही पाठवणारच असाल तर अवश्य घ्या. पैसे फिरवून परत आणायचे असतील तर तो आधार नव्हे, खोटा दावा आहे. लपवाछपवी सिद्ध झाली तर बुडवलेल्या करावर ३५ टक्के दंड आणि वर विलंबाचं व्याज. कायम वास्तव्याचा अर्ज कराल तेव्हा कर आणि विमा भरल्याच्या नोंदी पाहिल्या जातात, हेही लक्षात ठेवा.

राहिला न्यायाचा मुद्दा. अवलंबित व्यक्तीला उत्पन्नाची मर्यादा आहे, २०२५साठी ५,८०,००० येन. पण परदेशात राहणाऱ्याचं फक्त जपानमधलं उत्पन्न मोजलं जातं. तुमच्या वडिलांची पेन्शन भारतातली, म्हणून ती शून्य धरली जाते. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या जपानी माणसाच्या वडिलांची पेन्शन मात्र मोजली जाते. जपानच्या लेखापरीक्षण मंडळाने नेमकं हेच दाखवून दिलं होतं, आणि २०२३चा नियम त्यातूनच आला. गंमत अशी, की नियमाने उत्पन्नाला हात न लावता वयाची चाळणी लावली. परिणामी पेन्शन असलेले वडील सहज पार होतात आणि दमडीचं उत्पन्न नसलेल्या आईसाठी ३,८०,०००चा पुरावा द्यावा लागतो.

उलट बाजूही आहे. एप्रिल २०२०पासून जपानबाहेर राहणाऱ्या आई-वडिलांना तुमच्या आरोग्य विम्यात अवलंबित म्हणून घेता येत नाही, विम्याचा हप्ता मात्र इतरांइतकाच. त्यांच्या म्हातारपणाचा भार जपान सरकारवर पडत नाही. अमेरिकेत भारतात राहणारे भारतीय नागरिक आई-वडील अवलंबित धरतच नाहीत. सिंगापूरची सवलत आई-वडील तिथेच राहत असतील तरच. जर्मनी देते, पण भारतासाठी मर्यादेचा चौथा हिस्सा, कारण भारतातली राहणी स्वस्त. मला जर्मनीची रीत जास्त पटते. जपानची पूर्ण रक्कम भारतातल्या खर्चाच्या मानाने सढळ आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

वडिलांसाठी उत्पन्नाची कसोटी पार झाली तरी ‘एकाच चुलीवरचा संसार’ ही कसोटी उरतेच: तुमचे पैसे त्यांच्या रोजच्या खर्चाला लागतात का? औषधं, घरभाडं, कामाच्या बाईचा पगार यात ते जात असतील तर निःशंकपणे घ्या. पेन्शनमध्ये घर आरामात चालत असेल आणि तुमचे १७,००० थेट मुदत ठेवीत जात असतील, तर मी त्यांचं नाव काढून सगळे ५०,००० आईच्या खात्यावर वळवीन. भारतात त्या पैशावर आईला कर नाही, मुलाकडून आलेली भेट ती. साठवले तर व्याज मात्र तिच्या उत्पन्नात धरलं जाईल.