दोन मुलांसह घराबाहेर काढलेल्या बाईला आज रात्री आसरा कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की ओळखीतल्या बाईला नवऱ्याने घराबाहेर काढलंय, सोबत चार वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. कुणीतरी सल्ला दिलाय, "मुलांना बालगृहात ठेवा, बाईला एकटीला लगेच जागा मिळेल." तो सल्ला वाचून लिहायला बसले. तो मानू नका.

आधी आजच्या रात्रीचं. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा. मारहाण चालू असेल किंवा नवरा मागावर असेल तर ११२. १८१ वर थेट "सखी वन स्टॉप सेंटर" विचारा, म्हणजे हिंसाचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र. ते शक्यतो सरकारी रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतं. बाई तिथे स्वतःहून जाऊ शकते, पोलिसांच्या चिठ्ठीची किंवा एफआयआरची अट नाही. चौकीत गेलात तर अदखलपात्र नोंद करून "घरी जा, समजुतीने घ्या" असं सांगून परत पाठवण्याची शक्यता जास्त, म्हणून शक्य असेल तर आधी सेंटर गाठा.

तिथला मुक्काम पाच दिवसांपर्यंतच असतो, आणि घोळ इथेच होतो. बाई थकलेली असते, पहिले दोन दिवस झोपण्यात आणि रडण्यात जातात, तेवढ्यात शनिवार-रविवार येतो आणि पुढच्या जागेचं पत्रच निघालेलं नसतं. मग सहाव्या दिवशी ती त्याच घरी परत. म्हणून पहिल्याच सकाळी तीन कागद मागायचे: जखमांची नोंद असलेला वैद्यकीय अहवाल, संरक्षण अधिकाऱ्याने (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला अधिकारी) भरलेला कौटुंबिक घटना अहवाल, आणि शक्ती सदनात प्रवेशासाठी पत्र.

शक्ती सदन म्हणजे संकटातल्या बायकांसाठीचं सरकारी योजनेतलं निवासगृह, पूर्वीचं स्वाधार गृह. तिथे तीन वर्षांपर्यंत राहता येतं. दारात पहिला प्रश्न येतो तो मुलाच्या वयाचा. जुन्या स्वाधार योजनेत मुलगा आठ वर्षांपर्यंतच चालायचा. २०२२ च्या मिशन शक्ती या केंद्राच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मुलगे बारापर्यंत आणि अविवाहित मुली अठरापर्यंत आईसोबत राहू शकतात. तरीही जुना आकडा डोक्यात ठेवून "आठच्या वरचा मुलगा चालत नाही" म्हणणारे भेटतात. वाद घालू नका, फक्त म्हणा, "हे मला लेखी द्या, मी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे नेते." लेखी नकार द्यायला सहसा कुणी धजत नाही. जन्मदाखला जवळ ठेवा, नाहीतर मुलाची उंची पाहून वय ठरवलं जातं.

मी इतकी आग्रही का, तेही सांगते. जुनी आठची अट होती तेव्हाचं एक प्रकरण मी जवळून पाहिलंय. मुलगा नऊचा. संस्थेने बाईला आणि धाकट्या मुलीला घेतलं, मुलाला बाल कल्याण समितीमार्फत (मुलांच्या ताब्याचा आणि सोयीचा निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) दुसऱ्या गावच्या बालगृहात पाठवलं. सगळे म्हणाले, तात्पुरतं आहे. चार महिन्यांनी आई त्याला परत मागायला गेली, तर गृहभेटीचा अहवाल हवा होता. गृहभेट कुठे करणार? ती स्वतःच संस्थेत राहत होती. स्वतःचं घर दाखवा, उत्पन्न दाखवा, मग मुलगा. आणि धाकटीला सोडून कामाला जाता येत नाही म्हणून उत्पन्न नाही. शेवटी नवऱ्याने निरोप धाडला, "तू ये, पोराला मी आणतो." ती गेली. मारहाणीतून सुटलेली बाई मुलासाठी त्याच घरात परत गेली, आणि कागदावर त्याची नोंद "कुटुंबात पुनर्वसन" अशी झाली. "आधी मुलांची सोय, मग बाईचं बघू" म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी माझं तेव्हापासून पटत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ३ सांगतं की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आई जिवंत आहे, धडधाकट आहे, तिला मूल हवंय, तर ते मूल निराधार कसं?

मदत मुलाच्या नावाने पण आईच्या हातात द्यायची सोयही आहे. बालसंगोपन योजनेत महाराष्ट्रात दरमहा २,२५० रुपये प्रति बालक मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात टाका. शाळेचा दाखला जुन्या शाळेने अडवला तरी शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार नवी शाळा त्यासाठी प्रवेश थांबवू शकत नाही.

घराचा हक्कही सोडू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली त्याच घरात राहण्याचा आदेश किंवा नवऱ्याकडून पर्यायी जागेचं भाडं मागता येतं, कलम २३ खाली अंतरिम आदेशही. "घर सासूच्या नावावर आहे" ही ढाल सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या सतीश आहुजा निकालानंतर पूर्वीसारखी चालत नाही. वकील मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

आता राहिलेलं. सखी सेंटर हिंसाचारग्रस्त बायकांसाठी आहे. भाडं थकलं किंवा झोपडं पाडलं म्हणून रस्त्यावर आलेल्या आईला महापालिकेचा बेघर निवारा शोधावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर लाख लोकसंख्येला शंभर जणांचा एक निवारा सांगितलाय. पण बरेच निवारे पुरुषांचेच असतात, म्हणून "महिलांचा किंवा कुटुंबांचा कुठला?" असंच विचारा. मुलावर अत्याचार झाला असेल किंवा आई सांभाळण्याच्या स्थितीतच नसेल, तर मात्र १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती हाच मार्ग.

आणि मुलगा तेरा-चौदाचा असेल तर त्याच गावातलं शाळेचं वसतिगृह बघा. प्रवेश अर्जावर पालक म्हणून सही आईचीच हवी, म्हणजे त्याला परत आणायला तिला कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.