कुरापत, कळ आणि चिथावणी

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात एका सभासदाने ‘कुरापत काढली’ असे लिहावे की ‘कळ लावली’? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कुरापत काढणारा क्षुल्लक निमित्त शोधून समोरच्याला डिवचतो आणि स्वतःच भांडणात उतरतो. कळ लावणारा मात्र इकडचे तिकडे सांगून दोघांना झुंजवतो व आपण नामानिराळा राहतो. ‘कळीचा नारद’ या प्रयोगातही कळ म्हणजे भांडणच. ‘चिथावणी’ हा शब्द फार जपून वापरावा, कारण दंगल घडावी या हेतूने बेकायदा कृत्य करून चिथावणी देणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १९२ नुसार गुन्हा आहे. माझ्या मते इतिवृत्तात यांपैकी एकही शब्द न वापरता सभासदाचे प्रत्यक्ष उद्गारच नोंदवावेत.