दोन डॉक्टर, दोन सल्ले

“मावशी, माझं वय 31, लग्नाला दोन वर्षं झाली. पाळीत शाळेपासूनच जीवघेण्या कळा येतात. सगळ्यांनाच येतात असं समजून सोसत आले. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. रक्ततपासणीत सीए-125 नावाचं प्रथिन आलं 62. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून लगेच काढून टाकू. दुसऱ्या म्हणतात, गोळ्या घे, सहा महिन्यांनी बघू. सासूबाई म्हणतात, एक मूल झालं की सगळं आपोआप जाईल. मैत्रिणीची सिस्ट तर काहीच न करता दोन महिन्यांत विरघळली. मी कुणाचं ऐकू?”
– गोंधळलेली

गोंधळलेल्या पोरी,

आधी त्या 62 बद्दल बोलू, कारण तुझी झोप त्यानेच उडवली असणार. सीए-125 साधारण 35 पर्यंत असावं असं मानतात, आणि त्यावर गेलं की मोबाइल थेट कॅन्सर दाखवतो. पण एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात (तुझी चॉकलेट सिस्ट त्यातलीच), ते वाढलेलं असणं नेहमीचंच आहे, आणि पाळी चालू असताना रक्त दिलं तरी वाढून येतं. डॉक्टरांना एवढंच विचार, की सोनोग्राफीत गाठीच्या आत घट्ट किंवा रक्तपुरवठा असलेला भाग दिसतोय का. नसेल, तर त्या आकड्याला फार भाव देऊ नकोस.

मैत्रिणीची गाठ बहुधा वेगळ्या जातीची होती. दर महिन्याला बीज तयार होताना कधी कधी पाण्याची साधी गाठ राहून जाते आणि दोन-तीन पाळ्यांत जिरते. तुझ्या गाठीत साकळलेलं जुनं रक्त आहे, म्हणून तर ती चॉकलेटच्या रंगाची. ती अशी आपली आपण क्वचितच जाते.

आता दोन डॉक्टरांचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासूबाईंना मूल हवंय हे कळलं. तुला हवंय का, आणि कधी, याची एकही ओळ त्यात नाही. दवाखान्यातही तू हे सांगितलं नसशील, तर दोघांनी आपापल्या परीने अंदाज बांधला, म्हणून उत्तरं दोन आली. दोघंही चुकलेले नाहीत.

इतक्यात मूल नको असेल, तर मी तुझ्या जागी गोळ्यांपासून सुरुवात केली असती. डायनोजेस्ट, रोज 2 मिलिग्रॅम, ही बऱ्याचदा देतात. पाळी कमी होते किंवा थांबते, दुखणं उतरतं, गाठ आक्रसूही शकते. सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग लागत राहतात आणि बऱ्याच जणी तिथेच कंटाळून सोडतात. मन उदास राहायला लागलं तर मात्र डॉक्टरांना लगेच सांग. रोजची गोळी नको असेल तर गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं, त्याबद्दलही विचार. हे सगळे उपाय दुखणं दाबून ठेवतात. थांबवले की ते परतू शकतं.

पण याच वर्षी मूल हवं असेल, तर या गोळ्या तुझ्या कामाच्या नाहीत. त्या बीज बाहेर पडणंच रोखतात. गर्भधारणेची शक्यता त्यांनी वाढत नाही, नुसते महिने जातात.

ऑपरेशनने दुखणं कमी होतं, आणि नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यताही वाढू शकते. किंमत मोजावी लागते ती वेगळी. गाठीची भिंत सोलून काढताना तिला चिकटलेला चांगला बीजकोशही थोडा निघतो आणि बीजांचा साठा घटतो. म्हणून आधी एएमएचची, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी, रक्ततपासणी करून घे. ती झाल्याशिवाय कुणी तारीख देत असेल तर थांब. नुसती सुईने गाठ रिकामी केली तर ती पुन्हा भरते, आणि त्याच बीजकोशावर दुसरं ऑपरेशन म्हणजे आणखी नुकसान. सर्जनना न लाजता विचार: अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? गाठीखेरीज आतड्याजवळ किंवा मूत्राशयाजवळ काही दिसलं तर काय करणार? नंतर गाठ परत येऊ नये म्हणून काय देणार?

टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत वेळ आली, तरी त्याआधी गाठ काढलीच पाहिजे असं नाही. केवळ यश वाढावं म्हणून ती सरसकट काढू नये, असं युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेनेच 2022 च्या सूचनांत म्हटलंय.

सासूबाईंचा हेतू वाईट नसेल, पण बाळंतपण हे औषध नव्हे. गरोदरपणात पाळी नसते म्हणून पुष्कळ जणींना बरं वाटतं. पुढे पाळी सुरू झाली की कळाही परत येऊ शकतात. आणि “गाठ एवढीशी, मग इतकं दुखतं कसं” असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. या आजारात गाठीच्या मापाचा आणि वेदनेचा मेळ बसत नाही.

एका बाजूला अचानक असह्य कळ, सोबत उलट्या, ताप किंवा चक्कर, असं झालं तर मात्र माझ्या उत्तराची वाट पाहू नकोस. रात्र असली तरी दवाखाना गाठ. गाठीमुळे बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो किंवा गाठ फुटलेली असू शकते.

या आठवड्यात नवऱ्याला घेऊन बस आणि मूल कधी हवं, हे दोघं मिळून ठरवा. ठरलेलं एकच वाक्य दोन्ही डॉक्टरांना सांगा. मूल लवकर हवं असं ठरलं, तर तुझ्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्याची वीर्यतपासणी होऊ दे. त्या रिपोर्टवरही तुझा निर्णय फिरू शकतो.

– मावशी