सिनर्जीला ‘समन्वय’ म्हणावं का?

कुडाळच्या एका ताईंनी विचारलंय, मुलीच्या मायक्रोबायोलॉजी प्रोजेक्टचा मराठीत सारांश लिहायचाय, विषय एंटरोकॉकस नावाच्या जंतूवर दोन-दोन अँटिबायोटिक्स एकत्र देऊन बघण्याचा, तर सिनर्जीला ‘समन्वय’ आणि इनडिफरन्सला ‘उदासीनता’ चालेल का?

ताई, समन्वय नको. त्यातून दोघं न भांडता काम करतायत एवढंच कळतं, इथे त्याहून जास्त सांगायचंय, की जोडीचा परिणाम एकेकट्यापेक्षा खूप वाढतो. एंटरोकॉकस आपल्या आतड्यातलाच, एरवी गप्प असतो, पण हॉस्पिटलात लघवीच्या नळीतून वगैरे रक्तापर्यंत पोचला की भारी पडतो. नुसत्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकला तो फारसा दाद देत नाही कारण ते आत नीट शिरतच नाही, नुसत्या अँपिसिलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकने बऱ्याचदा वाढ थांबते पण जंतू पुरता मरत नाही, आणि दोन्ही दिली की अँपिसिलिन त्याची भिंत कच्ची करतं नि जेंटामायसिन आत घुसून प्रोटीन बनवणंच बिघडवतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कशी, दोन्ही टोकांनी ओढली तरच किनाऱ्याला येते! म्हणून ‘सहक्रिया’ घ्या, जरा पुस्तकी वाटतो खरा, पण अर्थ बरोबर बसतो.

शिवाय हा शब्द मोजून वापरतात. चेकरबोर्ड टेस्टमध्ये, म्हणजे दोन औषधांची कमी-जास्त प्रमाणं चौकटीत एकत्र करून बघतात त्यात, समजा एक औषध एकटं असताना वाढ थांबवायला ८ इतकं प्रमाण लागतं, जोडीत २ पुरतं, दुसरं १६ वरून ४ वर येतं, तर पाव अधिक पाव म्हणजे ०.५. ०.५ किंवा कमी आलं तरच सिनर्जी, ४ च्या वर अँटॅगोनिझम, म्हणजे एकाने दुसऱ्याचा जोर कमी करणं, आणि मधलं सगळं इनडिफरन्स. ‘उदासीनता’ लिहिलंत तर औषध कामच करत नाही असं वाचणाऱ्याला वाटेल, खरं तर दोन्ही आपापलं काम करत असतात, फक्त जोडीचा खास फायदा नाही. सरळ ‘जोडीने फरक नाही’ लिहा की.

अँटॅगोनिझमला मात्र ‘प्रतिरोध’ अजिबात नको, तो जंतू औषधाला करतो, म्हणजे रेझिस्टन्स. इथे एक औषध दुसऱ्याच्या आड येतं, जसं वाढणाऱ्या जंतूंवरच चालणाऱ्या पेनिसिलिनबरोबर वाढच थांबवणारं टेट्रासायक्लिन दिलं की पेनिसिलिनचा जोर कमी होतो. त्याला ‘विरोधी क्रिया’ म्हणा. आणि जंतू जेंटामायसिनच्या भरपूर डोसलाही रेझिस्टंट निघाला तर वरची अँपिसिलिनबरोबरची सहक्रियाही जाते, तेव्हा सारांशात प्रतिरोध आणि विरोधी क्रिया हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येणार, तिथे जपून.