एक्सेल हँग होतं आणि एंड टास्क करूनही जात नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या विंडोज १० च्या मशीनवर एक्सेल मध्येच पांढरं पडतं, वर 'नॉट रिस्पाँडिंग' येतं, फुली दाबून बंद होत नाही, एंड टास्क केलं तरी यादीतून हलत नाही, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. मी छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरचं मेंटेनन्स बघतो, मार्चअखेर जवळ आली की रोज एक तरी फोन याचाच असतो.

बटण दाबून धरणं आधी सोडा. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइलच खराब होते, मग माझ्याकडे येऊनही उपयोग नाही.

'नॉट रिस्पाँडिंग' दिसलं म्हणजे प्रोग्राम मेला असं नाही. एखाद्या खिडकीने ५ सेकंद विंडोजला दाद दिली नाही की विंडोज ती पाटी लावून मोकळं होतं. मोठ्या शीटमध्ये हजारो व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणारी सूत्रं) असतील तर एक्सेल बिचारं आत राबत असतं आणि आपण वरून क्लिकवर क्लिक करत बसतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि एक्सेलच्या ओळीत सीपीयूचा आकडा बघा. वरखाली होत असेल तर चहा पिऊन या. चार लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर तो २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चारपैकी एका प्रोसेसरच्या पूर्ण कामावर, चिकटून बसला असेल तर बहुधा एखादा मॅक्रो (शीटमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम) गोल गोल फिरतोय, एस्केप किंवा कंट्रोल-ब्रेक दाबून बघा. आणि आकडा शून्यावर पडून असेल, तर एक्सेल कुणाची तरी वाट बघतंय. तुमची केस मला ही तिसरी वाटते.

वाट कुणाची बघतंय ते कळतं. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबवर जा, एक्सेलवर राइट क्लिक करून 'ॲनलाइझ वेट चेन' निवडा. (कधी कधी तर 'सेव्ह करू का?' विचारणारी चौकट दुसऱ्या खिडकीमागे लपलेली असते. बाकीच्या खिडक्या मिनिमाइज करून आधी तेवढं बघून घ्या.)

गेल्या वर्षी एका सीएंच्या ऑफिसात पाचपैकी तीन मशीनवर हाच प्रकार होता. अँटिव्हायरस काढून झाला, ऑफिस पुन्हा टाकून झालं, एका मशीनला नवी रॅमही बसली. वेट चेनमध्ये नाव आलं 'एसपीएलवॉव६४', म्हणजे ३२ बिटच्या प्रोग्रामांसाठी प्रिंटिंगचं काम करणारा विंडोजचा मदतनीस. मी विचारलं, प्रिंटर बदललाय का? "हो, दिवाळीत. जुना भंगारात दिला." भंगारात गेलेला तो नेटवर्क प्रिंटर त्या तिन्ही मशीनवर अजून डिफॉल्ट होता. फाइल उघडताना पानं कुठे तुटणार, कागद केवढा, हे एक्सेल डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारतं. इथे उत्तर द्यायला प्रिंटर जागेवरच नव्हता. डिफॉल्ट बदलून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' केला आणि फाइल फटकन उघडली. रॅमचे पैसे मात्र गेलेच.

एंड टास्क का चालत नाही, तेही याच्याशी जोडलेलं आहे. प्रोग्रामचा एखादा धागा (थ्रेड, म्हणजे आत चालू असलेलं एक काम) ड्रायव्हरच्या आत शिरून प्रिंटर, पेनड्राइव्ह किंवा सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबला असेल, तर ती मागणी पुरी किंवा रद्द होईपर्यंत विंडोजला तो प्रोग्राम पुरता काढता येत नाही. मग तुम्ही दहा वेळा एंड टास्क करा. अशा वेळी मी दुसऱ्या टोकाकडून जातो. फाइल सर्व्हरवर असेल तर लॅनची वायर काढून मिनिटभर थांबायचं, पेनड्राइव्हवर असेल तर तो उपसायचा. मागणी फेल होते आणि अडकलेलं एक्सेल बरेचदा आपोआप सुटतं. त्याआधी पडद्यावर न सेव्ह केलेले आकडे दिसत असतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, लाज वाटून घेऊ नका.

तरीही नाहीच सुटलं तर 'रिस्टार्ट' करा, 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू करायची विंडोजची सोय) चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज ड्रायव्हरसकट आपली अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच पुन्हा उचलतं. रिस्टार्टमध्ये पाटी खरंच कोरी होते.

प्रिंटर ठीक निघाला तर ॲड-इनवर, म्हणजे एक्सेलला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, संशय घ्या. कंट्रोल दाबून धरून एक्सेलच्या आयकॉनवर क्लिक करा, सेफ मोड (ॲड-इनशिवाय चालू करणं) विचारेल, हो म्हणा. त्यात नीट चाललं तर ॲड-इन एकेक करून बंद करत जा. आणि ऑप्शन्समधल्या 'सेव्ह'मध्ये ऑटोरिकव्हर (काम आपोआप जपून ठेवणं) १० मिनिटांवर असतं, ते ३ वर आणा.

एवढं करूनही अडलंच, तर वेट चेनमध्ये कुणाचं नाव दिसतंय ते जसंच्या तसं लिहून कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.