शिकवणीतली 'क्लासिकल' पद्धत म्हणजे नेमकं काय? नुसतं पाठांतर का?

पाठांतर आहे, पण ती फक्त पहिली पायरी. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे तीन विषय आधी शिकवत; अंकगणित, भूमिती, संगीत, खगोलशास्त्र त्यानंतर. आजचे शिक्षक त्या तिघांचा क्रम कुठल्याही विषयाला लावतात: आधी मूळ माहिती पक्की, मग 'का?', आणि शेवटी स्वतःच्या शब्दांत मांडणी.

खरी गंमत मधल्या टप्प्यात आहे. समजा, मुलीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. शिक्षक चूक खोडत नाहीत. विचारतात, "२/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?" ती जरा विचार करून म्हणते, "लहान." "मग अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?" आता छेद समान का करायचे, हे तिला स्वतःलाच हवं असतं. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसची प्रश्न विचारायची रीत ती हीच. वर्गात चाळीस मुलं असताना एवढा धीर धरणं कठीण, शिकवणीत जमतं.

'सर्वांगीण' शिक्षण हा शब्द शिकवण्यांच्या जाहिरातीत फारच स्वस्त झालाय, पण या पद्धतीत त्याला आधार आहे. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन म्हणायचा की उत्तम वक्ता आधी चांगला माणूस हवा. मुलांना मारण्यालाही त्याचा विरोध होता.

शिक्षक निवडताना एक तास बसून बघा. सगळा वेळ शिक्षकच बोलत असतील, तर पाटीवर 'क्लासिकल' लिहिलेलं असो वा नसो, दुसरे शोधा.